न मोजलेली मुलं आणि मी

मी पॉट बोलतोय. लहान मुलांना ज्यावर बसवतात आणि मग सगळं घर भोवती उभं राहून 'झाली का, झाली का' म्हणून विचारत राहतं, तोच मी. हसू आलं तर हसून घ्या, मला सवय आहे. माझ्यावर बसून मोठे झालेले लोक पुढे माझं नाव घ्यायलाही लाजतात.

इजिप्तमधल्या महल्ला अल-कुब्रा या आमच्या गिरण्यांच्या गावात मला कसरिया म्हणतात. कस्र म्हणजे राजवाडा. तेव्हा माझं घराणं मूळचं राजवाड्यातलं असावं, असं माझं मत आहे. आजवर कुणी त्याला दुजोरा दिलेला नाही.

माझा जन्म गावाबाहेरच्या एका पत्र्याच्या शेडमध्ये झाला. तिथे मोडक्या बादल्या, खुर्च्या, टोमॅटोची क्रेटं वितळवून नवं सामान काढतात. त्यामुळे माझ्या अंगात नेमकं कोण कोण आहे ते मलाही सांगता येणार नाही, पण उन्हात ठेवलं की मला अजून टोमॅटोचा वास येतो. साच्यातून बाहेर आलो तेव्हा मी निळा होतो आणि मुलांना धरायला म्हणून मला पुढे बदकाचं डोकं होतं. बदकाचा एक डोळा छापताना सरकला. मी भलतीकडेच बघतोय असं सगळ्यांना वाटतं, आणि लोक माझ्यासमोर बिनधास्त बोलतात.

बाजारात एका हातगाडीवर मला दोरीला टांगलं होतं. तिथे शौकिया आली. तिने मला खाली घेतलं, उलटं केलं, सुलटं केलं, बुडावर टिचकी मारली, आणि गाडीवाल्याला काही न विचारता मला जमिनीवर ठेवून माझ्यावर एक पाय देऊन उभी राहिली. शौकिया अंगाने चांगली भरलेली बाई. मी डोळे मिटून घेतले असते, पण माझे छापलेले आहेत.

"बाई, हे बाळाला बसायला आहे," गाडीवाला म्हणाला.

"माझी बाळं तू पाहिली नाहीस," शौकिया म्हणाली आणि मला काखेत मारून घरी घेऊन आली.

शौकिया गिरणीच्या भिंतीमागच्या गल्लीत तिसऱ्या मजल्यावर राहते. मुली लग्न होऊन गेल्या. नवरा फिक्री मागावर काम करून निवृत्त झाला आणि मागांच्या खडखडाटाने कानांनी अधू झाला. रिकामं घर तिला खायला उठलं, तेव्हा गिरणीत शिवणकाम करणाऱ्या बायकांची मुलं सांभाळायला तिने सुरुवात केली. दारावर पाटी नाही, काही नाही. सकाळी भोंग्याच्या आधी बायका जिना चढून येतात, झोपेतलं मूल, डबा आणि कपड्यांची पिशवी तिच्या हातात देतात आणि पळत सुटतात. दुपारी घ्यायला येतात. मुलं तिला खालती म्हणतात, म्हणजे मावशी. मुलांच्या आयाही खालतीच म्हणतात, आणि हळूहळू सगळी गल्ली.

दुपारी आलेल्या आईचा पहिला प्रश्न 'जेवली का' हा नसतो. "खालती, केली का?" असा असतो. मग शौकिया जिन्यात उभी राहून, वरच्या-खालच्या मजल्यांना ऐकू जाईल अशा आवाजात, माझ्या दिवसभराच्या कामाचा अहवाल देते. मोठमोठ्या साहेबांच्या कामाचीही इतकी जाहीर दखल कुणी घेत नसेल.

शौकियाचे नियम थोडे होते. जिन्यात भांडायचं नाही. भिजलेल्या कपड्यांची पिशवी आईने न विसरता न्यायची. आणि ज्याच्या अंगात ताप, त्याला दार बंद. एकाचा ताप सगळ्यांना होतो, असं ती म्हणायची, आणि या बाबतीत कुणी कितीही रडलं तरी ती ऐकायची नाही. बायका या नियमाला फार वचकून असत. मूल घरी म्हणजे आईही घरी, आणि गिरणीत गैरहजेरी खपत नाही.

आता मुलं किती, ते विचारू नका. आमच्याकडे मुलं मोजत नाहीत. मोजली की नजर लागते. कुणी विचारलंच तर शौकिया उघडा पंजा समोर धरते आणि म्हणते, "पाच." पाचही बोटं वाईट नजरेच्या डोळ्यात जातात आणि विषय संपतो. घरात चार असोत की चौदा, उत्तर पाच. हे गल्लीत सगळ्यांना ठाऊक आहे. खाली मुसअद वाण्याचं दुकान आहे. शौकिया गॅलरीतून दोरीला बांधलेली टोपली खाली सोडते आणि हाक मारते, "मुसअद, मुलांना पाच अंडी दे."

मुसअद मान वर करतो. "खालती, नजरेची पाच की पोटाची पाच?"

"नजरेची."

मग टोपली चांगली जड होऊन वर येते.

त्या मुलांत एक नादिर होता. नादिर म्हणजे दुर्मीळ. त्याची आई नगला हिची आधीची दोन्ही मुलं तान्हेपणीच गेली होती. दोघांचाही सातव्या दिवसाचा सोहळा थाटात झाला होता, घर माणसांनी भरलं होतं आणि प्रत्येकाने पाळण्यात डोकावून 'काय गोड, काय गोड' केलं होतं. घात तिथेच झाला, असं नगलाच्या मनाने घेतलं. म्हणून नादिरचा सोहळा केला नाही. त्याला फ्रॉक घातला, केस वाढवून वेणी घातली, कानामागे काजळ फासलं. कुणी विचारलं तर नगला सांगायची, "मुलगी आहे, किडकिडीत आहे, सारखी रडते." नादिर गुबगुबीत होता आणि रडणं त्याला माहीतच नव्हतं. मुलगा की मुलगी म्हणाल, तर निदान माझ्यापासून ते लपत नाही.

नादिरला एकही लस टोचलेली नव्हती. ज्यांना मांडीत टोचतात ती मुलं दोन दिवस माझ्यावर तिरकी बसतात आणि सगळा भार बदकावर टाकतात. नादिर कायम सरळ बसायचा. नगलाला सुईची भीती नव्हती. आरोग्य केंद्रात बाई सगळ्यांसमोर नाव पुकारतात, मुलाला उचलून काट्यावर ठेवतात आणि वजन मोठ्याने सांगतात. नगलाला भीती होती ती त्याची. मला त्या मुलाची काळजी वाटायची. माझ्यावर बसला की तो बदकाच्या डोक्यावरून हात फिरवत राहायचा, आणि असं करणारं दुसरं कुणी नव्हतं.

एका सकाळी दार वाजलं. शौकियाने फटीतून पाहिलं. पांढरा कोट, खांद्याला निळी पेटी. पोलिओचे थेंब घेऊन आरोग्य केंद्राची नर्स आली होती. शौकियाने झटक्यात पाच मुलं बैठकीत बसवली, तीही नाक वाहणारी निवडून, आणि बाकीची माझ्यासकट मोरीत कोंबली. शहद नावाची एक मुलगी त्या वेळी माझ्यावरच बसलेली होती. तिला तशीच उचलून आणलं. नादिरला कपड्यांच्या टबात ठेवलं.

नर्सचं नाव इन्साफ. तिला सगळे इन्साफ अब्ला म्हणतात, आपण ताई म्हणावं तसं.

"मुलं किती, खालती?" मला बाहेरून तिचा आवाज आला.

"पाच."

तिने पाच तोंडांत थेंब घातले, पाच नखांना शाई लावली. "अजून कुणी?"

"कुणी नाही."

तेवढ्यात टब कलंडला.

"आत कोण आहे?"

"मांजर," शौकिया म्हणाली.

मग शहद माझ्यावरून गोड आवाजात म्हणाली, "खालती, झाली माझी."

"तुमची मांजर पॉटवर बसते?" इन्साफ अब्लाने विचारलं.

"शिकवलीय मी तिला."

"खालती," आतून दुसरा आवाज आला, "नादिर साबण खातोय."

"दोन मांजरी आहेत वाटतं," असं म्हणून इन्साफ अब्लाने मोरीचं दार उघडलं.

मला वाटलं, आता आरडाओरडा होणार. पण तिने बाह्या वर केल्या, शहदला धुतलं, नादिरच्या तोंडातला साबण काढला आणि मला स्वतःच्या हाताने रिकामं केलं. सरकारी माणसाने मला हात लावायची ती पहिलीच वेळ. तिथपासून माझं तिच्याबद्दल चांगलं मत झालं. मोरीतल्या मुलांनाही थेंब मिळाले. नादिरला मात्र शौकियाने छातीशी धरून ठेवलं. "हिची आई नको म्हणते," एवढंच ती म्हणाली, आणि इन्साफ अब्लाने ओढाताण केली नाही.

मग पुदिन्याचा चहा झाला. शौकियाने तिच्या पेल्यात नेहमीपेक्षा एक चमचा जास्त साखर घातली. खोटं पकडलं गेलं की ती असंच करते.

"दर मंगळवारी सकाळी मी केंद्रात लस काढून माश्या मारत बसते," इन्साफ अब्ला म्हणाली, "आणि माझी सगळी गिऱ्हाइकं इथे तुमच्या मोरीत साबण खातायत."

"मग काय करतील? सकाळी त्यांच्या आया मशीनवर असतात. केंद्रात कोण आणणार?"

"तेच तर म्हणते. केंद्रात त्या येणार नाहीत. पण तुमच्या दारात रोज दोनदा येतात. मी सांगितलं तर ती सरकारी बाईची कटकट. तुम्ही सांगितलं तर खालतीचा शब्द. तुम्ही त्यांना तयार करा, मी इथे येऊन टोचते."

"मी काय डॉक्टर आहे?"

"मुलांचे लंगोट कुणी सोडवले? डॉक्टरने?"

शौकियाने माझ्याकडे पाहिलं. मी शक्य तेवढा ताठ बसलो.

दुसऱ्या दिवसापासून जिन्यातल्या अहवालात भर पडली. "आज दोनदा केली, घट्ट होती, काकडी आवडीने खाल्ली, आणि इन्साफ अब्ला घरी येऊन टोचणार आहे, हो म्हण." बायका हो म्हणायच्या बेतात यायच्या आणि थांबायच्या. शेवटी शहदच्या आईने धीर करून विचारलं, "खालती, टोचलं की ताप येतो. मग तुम्ही दार लावणार. त्या दिवसाची हजेरी कोण भरून देणार मला?"

लस का राहते ते शौकियाला इतक्या दिवसांत कुणी सांगितलं नव्हतं, कारण ते सांगणं म्हणजे तिच्याच नियमाला नावं ठेवणं होतं. त्या दिवशी तिने मसुराच्या सुपात मीठ दोनदा घातलं आणि फिक्रीला विनाकारण झापलं. त्याला ऐकू गेलं नाही, ही त्यातली जमेची बाजू. दुसऱ्या दिवशी दुपारी ती जिन्यात उभी राहिली आणि म्हणाली, "ऐका गं सगळ्या. लशीचा ताप तो माझा ताप. तो पसरत नाही, असं अब्ला म्हणते. मूल तापलेलं असलं तरी आणा, मी बघेन. पण टोचलेलंच आणायचं."

त्या आठवड्यात एकेक करून सगळ्या हो म्हणाल्या. फक्त नगला खाली मान घालून पिशवी उचलायची आणि निघून जायची.

आणि मग पलीकडच्या गल्लीत गोवर निघाला. एका मुलाला इस्पितळात न्यावं लागलं. दोन दिवसांनी त्याच्या शेजारच्या घरातली दोन्ही मुलं लाल झाली. आधी टोचलेलं असो वा नसो, लहान मुलं सगळी टोचून घ्या, असा केंद्राचा निरोप आला, आणि तेही ईदच्या आधी. ईदला केंद्र बंद राहणार होतं.

त्या दुपारी शौकियाने नगलाला थांबवून घेतलं. मी स्वयंपाकघराच्या गॅलरीत पालथा वाळत होतो, त्यामुळे सगळं ऐकलं.

"माझ्यावर काय काय गुदरलंय ते तुम्हाला माहीत आहे, खालती," नगला म्हणाली.

"माहीत आहे. दोघांनाही मीच शेवटचं न्हाऊ घातलं." शौकियाचा आवाज असा खाली आलेला मी कधी ऐकला नव्हता. "मी म्हणत नाही की नजर लागत नाही. मीही पंजा दाखवतेच. पण गोवराला डोळे नाहीत गं. फ्रॉक घातलाय की चड्डी, ते त्याला दिसत नाही. तो कुणाला बघून येत नाही."

नगलाने पिशवी खाली ठेवल्याचं ऐकू आलं. मग ती म्हणाली, "धरीन मी स्वतः. आणि फ्रॉक काढायचा नाही."

"नाही काढणार."

संध्याकाळी इन्साफ अब्लाचा फोन आला. "उद्या येते, खालती. किती आया तयार झाल्या?"

आता इथे मी जिवंत माणूस असतो तर धावत जाऊन फोन हिसकावून घेतला असता. शौकियाने जन्मभराच्या सवयीने मोकळा हात हवेत उघडला आणि म्हणाली, "पाच."

"पाच तर पाच. सुरुवात वाईट नाही," इन्साफ अब्ला म्हणाली आणि तिने फोन ठेवला.

ईदच्या आदल्या दिवशी सकाळी ती आली. बाकीच्या आया मशीनवर होत्या. नगलाने तेवढी अर्ध्या दिवसाची रजा काढली होती. मुलं धरायला फिक्रीला बसवलं, कारण रडण्याचा त्याला काही त्रास होत नाही. एक जण रडला की पुढचा सुई दिसायच्या आतच रडायला लागायचा, आणि फिक्री प्रत्येकाला मांडीवर घेऊन कौतुकाने म्हणायचा, "किती शांत मूल आहे." पहिल्या पाचांचं झालं आणि इन्साफ अब्लाने पेटीचं झाकण लावलं.

"झालं. शाबास, खालती."

"झालं काय? आणि बाकीची?"

"बाकीची कोण? तुम्ही पाच म्हणालात."

शौकियाने तोंडावर हात ठेवला. "अगं, ते नजरेचे पाच."

इन्साफ अब्ला मटकन खाली बसली. जे हाताशी होतं त्यावर बसली, आणि हाताशी मी होतो. शौकियाने मला बाजारात पारखून घेतलं होतं ते बरं झालं. "मला वाटलं, पाचच आया हो म्हणाल्या," ती म्हणाली. "मी मोजून तेवढंच आणलंय. खालती, मी काय नजर लावणार होते का तुमच्या मुलांना?"

"तू नाही लावणार. पण फोनवर कोण कोण ऐकत असतं कुणाला माहीत."

नगला दाराशी उभी होती. तिने मुद्दाम सगळ्यांना पुढे जाऊ दिलं होतं. जो पुढे असतो त्याच्यावर नजर जाते, म्हणून नादिर रांगेत शेवटी. तिने त्याच्या डोक्यावर शाल ओढली. "नशिबातच नाही त्याच्या," ती म्हणाली.

"ईद झाली की पहिला त्याचा नंबर," इन्साफ अब्ला म्हणाली.

"ईद झाल्यावर माझ्यात हा धीर राहील की नाही, मला माहीत नाही, अब्ला. आज कसाबसा गोळा केला होता."

इन्साफ अब्लाने केंद्रातल्या भांडारात फोन लावला. तिथे उस्ताद हिल्मी होते, उस्ताद म्हणजे आपण साहेब म्हणतो तसं, आणि ते कुलूप हातात घेऊनच उभे होते. फोनचा आवाज सगळ्यांना ऐकू येत होता.

"अजून लस हवीय, उस्ताद."

"किती? नक्की आकडा सांगा. अंदाजाने मी शीतपेटी उघडत नाही."

इन्साफ अब्ला बोट पुढे करून मुलं मोजायला लागली. शौकियाने तिचा हात खाली दाबला. "बोट नको दाखवू."

"मग तुम्हीच सांगा त्यांना," असं म्हणून तिने फोन शौकियाच्या हातात दिला.

शौकियाने घसा साफ केला. "पाच," ती म्हणाली.

"पाच सकाळीच दिले, बाई."

"ते झाले हो. म्हणजे मुलं आहेत पाच. आणि पाच. आणि..." तिच्या कपाळावर घाम आला. "आणि एक नादिर."

"नादिर म्हणजे किती?" उस्ताद हिल्मींनी विचारलं. "बाई, मला आकडा लिहायचाय, कविता नाही."

"काय विचारतोय तो?" फिक्री म्हणाला.

"मुलं किती विचारतोय," शौकिया त्याच्या कानात ओरडली.

"पाच," फिक्री फोनच्या दिशेने ठणकावून म्हणाला.

तेव्हा नगला पुढे आली. नादिर तिच्या कडेवर होता. तिने शौकियाच्या हातातून फोन घेतला.

"अकरा," ती म्हणाली. "या घरात अकरा मुलं आहेत. पाचांचं झालं, सहा राहिलीत. त्यातला एक माझा आहे. मुलगा आहे. नादिर नाव आहे त्याचं. सहा पाठवा."

शौकियाने डोळे मिटले आणि ती दुआ पुटपुटू लागली. मग उस्ताद हिल्मी अगदी हळू आवाजात म्हणाले, "माशाल्ला. देव राखो त्यांना. पाठवतो."

लस एका तीनचाकीतून आली. ईदच्या गर्दीत गाडी सोडून वर यायला चालक तयार नव्हता, म्हणून त्याने पेटी मुसअदकडे दिली आणि मुसअदने ती टोपलीत ठेवली. फिक्रीने दोरी ओढायला घेतली. सगळी गल्ली माना वर करून बघत होती. दुसऱ्या मजल्याशी टोपली कपड्यांच्या दोरीत अडकली, आणि सुटली तेव्हा पेटीबरोबर कुणाचा तरी ईदचा नवा झगाही वर आला. खालून त्याचा मालक बोंबलत होता. ऐकू न येणारा माणूस दोरीवर असणं किती सोयीचं, ते त्या दिवशी पटलं.

नादिरला नगलाने स्वतः धरलं. फ्रॉकची बाही वर केली. सुई टोचली आणि जन्मात न रडलेला तो मुलगा असा काही रडला की तीनचाकीवाल्याने खालून विचारलं, वर सगळं ठीक आहे ना.

"चांगला रडतो की," शौकिया म्हणाली. नगला हसत होती आणि रडतही होती. सगळ्यांचा जीव भांड्यात पडला. ते भांडं मी नव्हतो, पण मान आमच्या जातीला मिळाला.

ईद संपून गिरणी सुरू झाली तेव्हा दोघा-तिघांच्या अंगात कसकस होती. शौकियाने शब्द पाळला. दार उघडं ठेवलं, चटईवर सगळ्यांना ओळीने झोपवलं, ओल्या फडक्यांनी कपाळं पुसली, आणि त्यांच्या आया वेळेवर मशीनवर पोचल्या. गोवर आमच्याही गल्लीत आला. खालच्या मजल्यावर आला, समोरच्या इमारतीत आला. ज्या घरात तो शिरला त्या घराच्या खिडक्या दिवसेंदिवस बंद असायच्या आणि शौकिया तिथे सूप पाठवायची. आमच्या घरात एकाही मुलाच्या अंगावर पुरळ उठलं नाही.

त्यानंतर इन्साफ अब्ला शौकियाला बरोबर घेऊन आसपासच्या गल्ल्यांत फिरायला लागली. अशी घरं पुष्कळ निघाली. तिथे आता ती किती मुलं म्हणून विचारत नाही. "पॉटवर कोण कोण बसतं, नावं सांगा," असं म्हणते, आणि बोलता बोलता मोरीत डोकावून येते. हे माझ्या जातभाईंना मिळालेलं मानाचं स्थान आहे असं मी समजतो.

माझं म्हणाल तर आता वय झालं. बदकाचं मुंडकं एका दांडगट मुलाने तोडलं, बूड तडकलं. शौकियाने मला फेकलं नाही. घासूनपुसून माती भरली आणि गॅलरीत पुदिना लावला. चहाला येणाऱ्यांना ती हे सांगत नाही, तुम्हीही सांगू नका.

परवा नगला भेटायला आली होती. बरोबर नादिर होता. केस बारीक कापलेले, पाठीला शाळेचं दप्तर, पुढचा एक दात पडलेला. तो माझ्यापाशी येऊन उकिडवा बसला.

"खालती, ही कसली कुंडी?"

"कुंडी नाही रे. यावर तू बसायचास."

"मी? खोटं."

"आणि याच खोलीत तुला सुई टोचली तेव्हा गल्ली डोक्यावर घेतली होतीस."

त्याने आईकडे पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं, नीट आठवून पाहिलं. "मला काही आठवत नाही," तो म्हणाला. पुदिन्याचं पान तोडून तोंडात टाकलं आणि धडाधड जिना उतरून मुलांत खेळायला गेला. वरून त्याची आई "सावकाश" म्हणून ओरडत राहिली.

तुम्हीही रोज सकाळी आपलं मूल कुणा खालतीच्या दारात ठेवून कामाला पळत असाल. दुपारी घ्यायला जाल तेव्हा तिला माझ्याबद्दल विचारता तसं सुईबद्दलही विचारा, आणि तिलाही तुम्हाला विचारू द्या. रागावू नका. बाकी माझं काही मागणं नाही. मुलं मोठी होतात आणि आम्हाला विसरतात, मलाही आणि सुईलाही. मला पूर्वी याचं वाईट वाटायचं, आता वाटत नाही. मला काही आठवत नाही, असं म्हणायला नादिर आहे.